जूनोच्या विमानतळावरचं जेवण



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. धाकट्या भाच्याने फोनवर विचारलंसुद्धा, "मामा, लेखणी वाळली काय?" लेखणी वाळली नव्हती. एक गोष्ट लिहावी की लिहू नये हे ठरत नव्हतं, एवढंच. आता ठरलं आहे. आधीच सांगून ठेवतो, यातली निम्मी गोष्ट एका लहानशा विमानतळावर घेतलेल्या बिअरच्या पेल्याची आहे आणि निम्मी अण्णाची. आमच्या नात्यातली मंडळी अण्णाचं नाव वाचून थोडी दचकतील. पूर्ण वाचा, मग रागवा.

गेल्या सप्टेंबरात मुलाकडे सिअ‍ॅटलला होतो. तिथून चार दिवस अलास्कात जाऊन यायचं ठरलं. आमची ही गुडघ्यांमुळे घरीच थांबली. मुलगा, सून आणि मी असे तिघे जूनोला गेलो. जूनो ही अलास्का राज्याची राजधानी, पण लोकवस्ती जेमतेम बत्तीस हजार. गंमत अशी की या राजधानीला बाहेरून येणारा रस्ताच नाही. एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि त्यामागे बर्फाची पठारं. यायचं तर बोटीने किंवा विमानाने. पाऊस आमच्या कोकणाच्या निम्माच म्हणावा लागेल, पण आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो तो तिथे वर्षभर पुरवून पुरवून पडतो. ढग डोंगराच्या कमरेला बांधल्यासारखे.

परतीच्या दिवशी विमानतळावर पोचलो तर धुकं. विमान तीन तास उशिरा. एवढासा विमानतळ, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसतं. धावपट्टीला लागून एक लांबट तळं आहे, त्यात पाण्यावर उतरणारी छोटी विमानं डोलत होती. पलीकडे दलदल आणि त्यावर गरुड. हो, पांढऱ्या डोक्याचे ते गरुड तिथे आपल्याकडच्या घारींसारखे कुठेही बसलेले असतात. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एक किस्सा सांगितला. मला थापच वाटली, पण नंतर पाहिलं तर खरी निघाली. १९८७ मध्ये जूनोहून नुकत्याच उडालेल्या एका जेट विमानाच्या वाटेत मासा घेऊन चाललेला गरुड आला. गरुड निसटला, पण त्याच्या तावडीतला मासा सुटून वैमानिकाच्या खिडकीच्या वर आदळला! पुढच्या गावी विमान तपासावं लागलं आणि त्याला उशीर झाला. माशामुळे विमानाला उशीर, हे मालवणातसुद्धा कुणी ऐकलं नसेल.

तर तीन तास काढायचे होते. तिथल्या उपाहारगृहात बसलो. हॅलिबट नावाचा मोठा चपटा मासा त्या थंड समुद्रात मिळतो. त्याचे पिठात बुडवून तळलेले तुकडे आणि बटाट्याच्या कापा आल्या. शिवाय रावसासारख्या सॅमन माशाचं दाट दुधाळ सूप आणि आंबवलेल्या पिठाचा पाव. आंबवणीचं पीठ सोन्याच्या शोधात आलेले लोक थंडीत मरू नये म्हणून अंगाशी धरून झोपत, असं सांगतात. तिथल्या जुन्या माणसांना त्या आंबट पिठाचंच नाव पडलं आहे. आंबोळीचं पीठ चुलीजवळ ठेवणारी माझी आई आठवली.

मुलगा मेनूकार्ड पाहत होता. पाहता पाहता मान वर न करताच म्हणाला, "बाबा, मी एक बिअर घेतली तर चालेल का? इथलीच आहे, याच गावातली."

सेहेचाळीस वर्षांचा मुलगा. डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस. मी काही बोलायच्या आत सून हसायला लागली. म्हणाली, "बाबा, आता सांगूनच टाकते. तुम्ही दोघं अमेरिकेत आलात की आमच्या फ्रीजमधल्या बाटल्या शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जातात. पंधरा वर्षं झाली."

मला हसू आलं आणि लगेच ते थांबलंही. पंधरा वर्षं माझ्या मुलाने स्वतःच्या घरात लपवाछपवी केली, ती माझ्यापायी. मी म्हटलं, "घे. आणि मलाही थोडी चव दाखव."

वाढणाऱ्या मुलीने दोन पेले आणायच्या आधी माझ्याकडे ओळखपत्र मागितलं! एकवीस वर्षं पूर्ण झाल्याचा पुरावा. मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी पासपोर्ट काढून दाखवला. तिथे सगळ्यांनाच विचारतात म्हणे. मला मात्र लहानपणी ऐकलेला 'परवाना' हा शब्द आठवला. त्याकडे येतोच.

इतिहास हा माझा विषय. चाळीस मिनिटांच्या तासात बसवायची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा या पेल्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

१८८० मध्ये कोवी नावाच्या ट्लिंगिट जमातीच्या प्रमुखाने जो जूनो आणि रिचर्ड हॅरिस या दोघांना सोन्याची जागा दाखवली आणि गाव वसलं. नाव पडलं ते शोधायला आलेल्याचं, दाखवणाऱ्याचं नाही. खाडीपलीकडे डग्लस बेटावर ट्रेडवेलची मोठी सोन्याची खाण उभी राहिली. खाणकामगार आले की दारू आलीच. त्या डग्लस गावात १८९९ ते १९०७ एक बिअरचा कारखाना चालत होता. पुढे अलास्काच्या लोकांनी १९१६ मध्ये मतदानाने दारूबंदी मागितली आणि १ जानेवारी १९१८ पासून ती लागू झाली. साऱ्या अमेरिकेत दारूबंदी आली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १९२० मध्ये. १९३३ साली देशभरातली बंदी उठली. पण त्यात एक गंमत राहून गेली. घरच्या घरी वाईन करायला सूट मिळाली, घरची बिअर मात्र गुन्हाच राहिली. ती पंचेचाळीस वर्षं तशीच राहिली. मधल्या काळात बिअरचे छोटे कारखाने मोठ्यांनी गिळले. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या अवाढव्य देशात शंभरसुद्धा कारखाने उरले नव्हते, आणि सगळ्यांची बिअर जवळजवळ एकाच चवीची.

मग आला ऑक्टोबर १९७८. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबरला एका कायद्यावर सही केली. कायदा मुख्यतः कशाचा होता? ट्रक, बस, ट्रॅक्टर यांच्यावरच्या अबकारी कराचा! त्याच्या पोटात एक कलम होतं. एकट्या प्रौढ माणसाने वर्षाला शंभर गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराने दोनशे गॅलन बिअर स्वतःसाठी केली तर कर नाही. शंभर गॅलन म्हणजे सुमारे ३८० लिटर. विकायची मात्र नाही. फेब्रुवारी १९७९ पासून हे लागू झालं.

या एका सहीने छोट्या कारखान्यांची लाट आणली असं सरसकट म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोचा बुडीत निघालेला अँकर कारखाना १९६५ मध्येच घेतला होता. शिवाय राज्यांनी आपापले कायदे बदलावे लागले. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर घरच्या बिअरला परवानगी दिली ती २०१३ मध्ये. पण सहीने एक झालं. जे लोक तळघरात चोरून करत होते ते उजेडात आले, एकमेकांना विचारू लागले, चुका सांगू लागले. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात चार्ली पपाझियन नावाचे गृहस्थ दिवसा लहान मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी मोठ्यांना बिअर करायला शिकवायचे. डिसेंबर १९७८ मध्ये त्यांनी घरी बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. शिक्षकी पेशातला माणूस शेवटी वर्गच भरवणार! आज अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त छोटेमोठे कारखाने आहेत.

जूनोतले जेफ लार्सन हे असेच घरी बिअर करणारे रसायन अभियंते. त्यांच्या पत्नी मार्सी यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि जहाजांच्या मालाच्या नोंदी धुंडाळल्या. त्यांना डग्लसच्या त्या बंद पडलेल्या कारखान्यात काय काय जिन्नस येत होते याचा पत्ता लागला. त्यावरून १९८६ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या या जोडप्याने, मित्रमंडळींना बाटल्या भरायला हाताशी घेऊन, पहिली बिअर विकायला काढली. माझ्यासमोर आली ती हीच, तांबूस रंगाची. विमानतळ आणि गाव यांच्या मधल्याच भागात कारखाना आहे. धान्य बोटीने दक्षिणेकडून येतं. आजूबाजूला गुरंढोरं नाहीत, तेव्हा उरलेला चोथा घालायचा कुठे? आधी तो वाळवून पुन्हा बोटीने दक्षिणेला पाठवायचे. पुढे त्यांनी तोच जाळून कारखान्याची वाफ तयार करायची भट्टी बसवली. आपल्या पेंडीचा असा उपयोग आमच्या घाणेवाल्याला सुचला नव्हता.

आता दुसरी सही. त्याच ऑक्टोबरच्या २४ तारखेला, म्हणजे दहा दिवसांनी, कार्टर यांनी विमान वाहतूक खुली करणारा कायदा केला. तोपर्यंत कुठल्या कंपनीने कुठून कुठे उडायचं आणि तिकीट किती ठेवायचं हे १९३८ पासून एक सरकारी मंडळ ठरवत असे. ते बंधन टप्प्याटप्प्याने गेलं, मंडळही १९८५ च्या आरंभी गुंडाळलं गेलं. तिकिटं पुढे स्वस्त झाली. पण छोट्या गावांना धास्ती पडली, की तोट्याची गावं कंपन्या लगेच सोडतील. म्हणून याही कायद्याच्या पोटात एक कलम घातलं गेलं. ज्या गावांना तेव्हा विमान येत होतं, त्यांना किमान सेवा मिळत राहील, लागेल तिथे सरकार पैसे देईल. मुदत दहा वर्षांची होती. ती वाढत गेली आणि शेवटी मुदतच काढून टाकली.

जूनोला त्या पैशांची गरज पडत नाही. पण आमचं परतीचं विमान पीटर्सबर्ग, रँगेल, केचिकन असं थांबत सिअ‍ॅटलला जाणारं होतं. तिकडे त्याला 'दुधाची फेरी' म्हणतात. मला तर आमची मालवण–कणकवली एसटीच वाटली. पीटर्सबर्ग तीनेक हजार वस्तीचं, रँगेल दोनेक हजारांचं. दोन्हींच्या मधलं उड्डाण जेमतेम वीस मिनिटांचं, पट्टा बांधून होतो न होतो तोच उतरायची घोषणा. आणि एवढ्याशा गावात सव्वाशेहून जास्त माणसांचं बोइंग जेट उतरतं! ते उतरतं, कारण १९७८ चं ते पोटकलम. त्या विमानातून माणसं जातात, टपाल येतं, औषधं येतात. आमच्या शेजारचे ते म्हातारे गृहस्थ रँगेलचेच होते. सिअ‍ॅटलच्या इस्पितळात भावाला भेटायला निघाले होते. सारखे घड्याळाकडे आणि धुक्याकडे पाहत होते.

"भावाला भेटायला" म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला.

आता अण्णाबद्दल.

अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मुंबईत गिरणीत होता. आमच्या पिढीतल्या कोकणातल्या प्रत्येक घरातला थोरला असायचा तसा. आमचं लहानपण दारूबंदीच्या काळातलं. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. ज्यांना डॉक्टर लिहून देत त्यांना परवाना मिळे. परवाना साहेबलोकांना आणि शेठजींना. गिरणीकामगाराला हातभट्टी. नवसागर घातलेली, अंधारात, घाईघाईने, उभ्याउभ्या गिळायची. पुढे १९६० च्या दशकात कायदा सैल होत गेला, पण अण्णाची सवय अंधारातच लागली होती आणि अंधारातच राहिली.

आमचे वडील कडक. दारूचा वास आला तर पानावरून उठायचे. गणपतीला अण्णा गावी यायचा. दुपारी माडांच्या बागेकडे नाहीसा व्हायचा आणि आरती झाल्यावर यायचा. त्याला घरात पंगतीला बसू देत नसत. मागीलदारी त्याचं ताट जायचं. १९७७ च्या गणपतीत ते ताट मी नेलं. नुकता शाळेत लागलो होतो, दारूच्या दुष्परिणामांवर वर्गात भाषणं द्यायचो. अण्णा पायरीवर बसला होता. म्हणाला, "बस मरे जरा हंय, बाबी. तू शाळेत शिकव, माका शिकवू नको. नुसतो बस." मी म्हटलं, पोरांच्या वह्या तपासायच्या आहेत. सणासुदीला कसल्या वह्या! ताट ठेवलं आणि वळलो.

१९७९ च्या जुलैत तार आली. अण्णा इस्पितळात, गंभीर. पावसाळ्यात आगबोट बंद. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला अजून अठरा वर्षांहून जास्त अवकाश होता, ती १९९८ ची. एसटी निघाली, वाटेत पुलावर पाणी. एक रात्र गाडीतच काढली. तिसऱ्या दिवशी मुंबईला पोचलो तेव्हा खोलीतल्या गाववाल्यांनी सगळं उरकलं होतं. त्याची पेटी तेवढी माझ्या हातात दिली. पेटीत माझं शाळेत लागल्याचं पत्र होतं.

दारूने अण्णा गेला, हे खरं. दारूचं कौतुक मी या वयातही करणार नाही. पण गेली इतकी वर्षं माझ्या मनात तो दारूमुळे गेला एवढंच होतं. जूनोच्या त्या टेबलावर बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की अंतर दोन होती. एक मालवण ते मुंबई, पाचशे किलोमीटरचं, त्याला रस्ता नव्हता. दुसरं पडवी ते मागीलदार, वीस पावलांचं, आणि त्याला रस्ता होता.

गंमत पाहा. कार्टर यांनाही असा भाऊ होता. बिली. राष्ट्राध्यक्षांचा भाऊ म्हणून त्याच्या नावाची बिअरच १९७७ मध्ये बाजारात आली. वर्षभरातच ती करणारी कंपनी बंद पडली. बिलीचं पिणं इतकं वाढलं की १९७९ मध्ये त्याला नौदलाच्या इस्पितळात व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल व्हावं लागलं. तो सावरला. १९८८ मध्ये कर्करोगाने गेला, वय एक्कावन्न. स्वतः कार्टर पिण्याच्या बाबतीत सोवळेच, त्यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या घरी कडक दारू वाढली जात नसे. त्याच जानेवारी १९७८ मध्ये ते दिल्लीला आले होते, तेव्हा आपले पंतप्रधान होते मोरारजीभाई, साऱ्या देशात दारूबंदी आणू पाहणारे. दोघेही धार्मिक, दोघेही साधे. एकाने सारं दार लावून घ्यायचं ठरवलं, दुसऱ्याने त्याच वर्षी एक छोटी खिडकी उघडली. सही करताना कार्टर यांच्या मनात बिली होता की नाही हे मी कशाला सांगू? घरात पिणारा भाऊ असताना माणसाने केलेली सही म्हणून मला ती वेगळी वाटते, इतकंच. २९ डिसेंबर २०२४ ला ते शंभर वर्षांचे होऊन गेले.

कुणी म्हणेल, मास्तर आता बंदीच्या विरुद्ध झाले. तसं नाही. अलास्कात १९८० च्या दशकापासून एक सोय आहे. गावाने मत देऊन ठरवायचं, दारू विकू द्यायची की नाही, आणू द्यायची की नाही. काही गावं पूर्ण 'कोरडी', काही 'ओली', आणि जिथे विक्री नाही पण आणता येते ती चक्क 'दमट'! दूरच्या आदिवासी गावांनी दारूचे फार हाल पाहिले आहेत, म्हणून त्यांनी स्वतःच दार लावलं. आपल्याकडे महाराष्ट्रात बायका मतपत्रिकेवरची आडवी बाटली निवडून दुकान बंद करतात, तेच हे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कुठे काय योग्य ते तिथल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला कळलं ते एवढंच, की दुकानाला कुलूप लावता येतं, पण घरातल्या माणसाला मागीलदारी बसवून कुणी सुधारत नाही.

आणि विमानतळाचं म्हणाल तर आमच्या सिंधुदुर्गालाही आता विमानतळ आहे. चिपीला, ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. उद्घाटनाचं टीव्हीवर पाहताना मी रडलो होतो, घरच्यांना वाटलं म्हातारपण. 'उडान' योजनेतून छोट्या गावांना जोडायचं ठरलं. २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याबरोबर आपलं नांदेडही हैदराबादशी जोडलं गेलं. पण आपल्या योजनेत तोटा भरून देण्याची मुदत तीन वर्षांची होती. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे ठरलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, आणि तीन वर्षं पूर्ण करून पुढेही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. अमेरिकेची बरोबरी करायला आपल्याकडे पैसा नाही, हे मान्य. तिकडेही या खर्चावर टीका होतेच. पण रँगेलच्या त्या गृहस्थांकडे पाहताना वाटत होतं, की फायद्याच्या मार्गावर कुणीही विमान उडवेल. दोन हजारांच्या गावातल्या माणसाला भावापर्यंत पोचवणं हे कुणीतरी तोटा सोसूनच करावं लागतं. घरातसुद्धा तसंच असतं.

असो. बिअरची चव सांगायची राहिलीच. मला वाटलं होतं काढ्यासारखी कडू असेल. तशी नव्हती. आधी थोडी गोडसर, भाजलेल्या धान्याच्या वासाची, आणि मागून हलका कडवटपणा. तळलेल्या माशाबरोबर बरी लागली. अर्धा पेला मुलाला दिला. पुन्हा घेईन असं नाही. पण त्या तासाभरात मुलगा माझ्याशी जितकं बोलला तितकं गेल्या पंधरा वर्षांत बोलला नसेल. पुण्यात शिकत असताना पहिल्यांदा प्यायला तेव्हा रात्रभर झोप लागली नाही म्हणाला, माझ्या भीतीने. नोकरी गेली होती तेव्हाचे सहा महिने कसे काढले तेही सांगितलं. नोकरी गेली होती हे मला आत्ताच कळत होतं! मग त्याने विचारलं, "बाबा, अण्णाकाका कसे होते हो?" आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, कारण मी विचारू दिला नव्हता.

मी सांगितलं. अण्णा दशावतारात संकासूर करायचा, पेटी वाजवायचा, माझ्या बी. ए. ची फी त्याने भरली होती. सून डोळे पुसत होती. वाढणाऱ्या मुलीने येऊन सगळं ठीक आहे ना असं विचारलं.

दुपारी धुकं उठलं. आता उपग्रहांच्या मदतीने डोंगरांमधून विमान नेमकं उतरवता येतं. ते तंत्र १९९६ मध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं ते याच जूनोत. तरी निसर्गापुढे कधी कधी थांबावं लागतंच. विमान आलं. रँगेलला ते गृहस्थ उतरणार नव्हते, आमच्याबरोबरच पुढे सिअ‍ॅटलला यायचे होते. उतरल्यावर सामान घेताना दिसले. हात उंचावून म्हणाले, भावाचा फोन आला होता, जागा आहे, वाट बघतोय. आणि चालू लागले, त्या वयाला शोभणार नाही इतक्या भरभर.

या गणपतीला मागीलदारच्या पायरीवर अण्णासाठी एक पान वाढणार आहे. पान ठेवून वळणार नाही, शेजारी बसणार आहे. नात्यातल्या ज्यांना यायचं त्यांनी यावं. पुतण्यांनो, भाच्यांनो, तुम्हाला अण्णाचं काही आठवत असेल तर येताना सांगायला घेऊन या. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

कळावे, लोभ असावा.